निंबीतलं पहिलं घर

तिशी नुकतीच ओलांडलेल्या बाईने आठवणी लिहायला बसू नये, असं आमच्या आईचं मत आहे. "आठवणी म्हाताऱ्या माणसाईनं लिहाव्या. तुह्या आठवणीतले लोक अजून जिते हायेत," असं ती म्हणते. बरोबर आहे तिचं. सगळे जिवंत आहेत, धडधाकट आहेत, आणि झालं गेलं ते सगळे विसरले असल्यासारखं दाखवतात. म्हणूनच मला घाई आहे. अजून वीस वर्षं गेली तर मीही विसरले असल्यासारखं दाखवायला शिकेन, आणि मग या प्रकरणात खोटं लिहीन.

आमचं घर अकोल्यात, जठारपेठेच्या मागच्या अंगाला. बाबा शाळेत संस्कृत शिकवायचे आणि सकाळी शाळेआधी दोन-चार घरच्या पूजा सांगून यायचे. मुहूर्त, पत्रिका, वास्तू यांसाठी संध्याकाळी लोक यायचे ते बाहेरच्या खोलीत बसायचे. आई तेल्हाऱ्याची, सहा भावंडांतली. तिला घरात माणसांचा आवाज लागायचा आणि आमच्या घरात आवाज कमी, म्हणून तो तीच पुरवायची. मधल्या खोलीत मी आणि माझी थोरली बहीण मंजिरी. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायची आणि ती मला छोटी. खोलीच्या खिडकीत कुलर होता. उन्हाळ्यात दुपारी बारानंतर अकोल्यात कोणी शहाणं माणूस दारात पाऊल ठेवत नाही, त्यामुळे चैत्रापासून मृगापर्यंत आमचं सगळं जगणं त्या कुलरसमोरच्या सतरंजीवर होत असे. कुलरच्या ओल्या गवताचा वास, पंपाची टिपटिप, आईने आणून ठेवलेलं कैरीचं पन्हं, आणि ताईच्या हातातल्या खेळातून येणारं ते हळू, रेंगाळणारं संगीत. आजही कुठे कुलर सुरू झाला की मला ते संगीत ऐकू यायला लागतं. ते ऐकू येऊ नये असं मला फार वाटतं.

खेळ आत्याच्या मुलाने दिला होता. तो परदेशातून सुट्टीवर आला, त्याला स्वतःसाठी नवीन घ्यायचा होता, म्हणून जुना ताईच्या हातात ठेवून गेला. पुस्तकासारखं उघडणारं, तळहाताएवढं, दोन पडद्यांचं यंत्र. त्यात एकच खेळ, आणि त्या खेळात मारामारी नाही, शर्यत नाही, हरणं-जिंकणं काहीच नाही. तुम्ही आगगाडीने एका रिकाम्या गावात उतरता. तिथले प्राणी तुम्हालाच सरपंच समजून बसतात. मग घर बांधायचं, झाडं लावायची, फुलांना पाणी घालायचं, नदीवर पूल टाकायचा, आणि नवे रहिवासी आले की त्यांच्या दारात जाऊन चौकशी करायची. एवढंच. अकोल्यात दुपारचे तीन वाजले की गावातही तीनच वाजायचे, इथे दिवाळी आली की तिथेही गवत पिवळं पडायला लागायचं. फरक इतकाच की तिथे ऊन लागत नसे. ताईने गावाचं नाव निंबी ठेवलं. सरपंच तीच, आणि नदीच्या वळणावरच्या उंचवट्यावर गावातलं पहिलं घरही तिचंच. मी दुसरी रहिवासी. माझं घर बाजाराजवळ, मागच्या बाजूला. मला ते कधीच आवडलं नाही.

ताईने सिव्हिलचा डिप्लोमा केला होता आणि एका इंजिनिअरच्या ऑफिसात ती नकाशे काढायची. लोकांची घरं दिवसभर कागदावर काढून आल्यावर ती निंबीत स्वतःच्या मनासारखं गाव काढत बसे. सुट्टीच्या दिवशी तर तासन्‌तास. एक फरसबंद रस्ता तिने चार वेळा उखडून पुन्हा बसवलेला मला आठवतो, कारण त्याचं वळण तिला ओढून आणल्यासारखं वाटत होतं. हळूहळू सगळं घर त्यात आलं. प्रत्येक गावाला एक फळ मिळायचं, आमच्या गावाला संत्रं मिळालं, तेव्हा आई कणीक मळता मळता उठून पाहायला आली. "म्हणजे हे तं संत्र्याचं वरूडच झालं व!" एक बदकीण होती, ठसक्यात बोलणारी. तिचं नाव आईने ठमाबाई ठेवलं आणि ती तिच्याशी खरोखरच भांडायची. एक जाडं, झोपाळू अस्वल होतं, त्याचं नाव अण्णा. बाबा आधी नाक मुरडायचे, पण एका रविवारी चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो पडदा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "विहीर नैर्ऋत्येला आहे तुझी. गाव कसं टिकेल?" ताईने हसत हसत दुसऱ्याच दिवशी विहीर मोडली आणि ईशान्येला नवीन बांधली. त्या संध्याकाळी शाळेतून आल्या आल्या बाबांनी चप्पल काढायच्या आधी विचारलं, "हलवली का?" मी आमच्या घरात एकत्र हसण्याचा आवाज इतका मोठा फार कमी वेळा ऐकला आहे.

मला त्या खेळातली कुऱ्हाड आवडायची. झाडावर तीन घाव घातले की ते छान करकरत आडवं होतं. एकदा ताई ऑफिसात असताना मी विहिरीजवळची संत्र्याची सगळी रांग पाडली. काही कारण नव्हतं. एक पाडलं, मजा वाटली, मग दुसरं. ताईने घरी येऊन पाहिलं आणि ती रागावली नाही, पण म्हणाली, "छोटे, तुले थांबणं जमत नाई." पुन्हा रोपं लावून ती रांग यायला कितीतरी दिवस गेले. रोज ती एकेक रोप बघून येई. त्या खेळात सगळं हळू होतं आणि ताईला ते हळूपणच हवं होतं. बाहेर मात्र तिच्या लग्नाची घाई सुरू झाली होती.

स्थळ अमरावतीचं. तीन पिढ्या वकिली, स्वतःचं घर, एकुलता मुलगा, तोही वकीलच. पाहायला आले तेव्हा मुलगा फार तर चार वाक्यं बोलला असेल. ते गेल्यावर आई कौतुकाने म्हणाली, "शांत आहे पोरगा." बाबा म्हणाले, "शांत माणसाच्या हातून कधी कोणाचं वाईट होत नाही." ताई म्हणाली, मला एक वर्ष द्या, ऑफिसात मोठं काम आलं आहे, एका शाळेच्या इमारतीचं. बाबा म्हणाले, अशी स्थळं वर्षभर थांबत नाहीत. 'मुलगा शांत आहे' हे वाक्य मी पुढे अनेक घरांत ऐकलं. आता माझ्या दवाखान्यात कोणी मुलीची आई ते म्हणाली की मी हातातलं पेन खाली ठेवते आणि विचारते, शांत म्हणजे नेमकं काय हो?

लग्नात त्यांच्या पद्धतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्या मुलाने अंगठीने ताईचं नवं नाव लिहिलं. राजश्री. ताई त्या ताटाकडे वाकून पाहत होती, दुसऱ्या कोणाचं नाव वाचावं तसं. तिच्या बॅगा भरताना आईला साड्यांच्या घडीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला तो खेळ सापडला. आईने तो काढून घेतला. "सासरी खेळणे घेऊन जातं का कोणी? काय म्हनतीन ते लोक?" निघायच्या आधी मला मधल्या खोलीत नेऊन म्हणाली, "रोज एकदा दार उघडून येत जा. झाडाईले पाणी घाल. अण्णाले सांग, मी गावाले गेली म्हणून. अन् कुऱ्हाडीले हात लावू नको, छोटे." मी शपथेवर हो म्हटलं. मला खूप रडू येत होतं. ते रडू खरं होतं हे मला इथे लिहून ठेवायचं आहे, कारण पुढचं वाचल्यावर कोणाला खरं वाटणार नाही.

त्या खेळाची एक रीत होती. तुम्ही चार-आठ दिवस फिरकला नाहीत की तुमच्या दारात गवत उगवतं, आणि गावातले प्राणी एकमेकांना तुमच्याबद्दल विचारू लागतात. मी माझ्या घरातून बाहेर पडले की ठमाबाई यायची. मंजू कुठे गेली? तिच्या घरचा दिवा का लागत नाही? माझं काही चुकलं का? मग अण्णाही तेच विचारायचा. आई शेजारी गहू निवडत बसलेली असे. "काय म्हनून राहिली ती बदकीण?" असं तिने विचारलं आणि मी वाचून दाखवलं. आईचा हात सुपातच थांबला. त्याच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला होता आणि तिचा आवाज जड होता. आईने दोन गोष्टींची गाठ मारली. लेकीचं घर इथे कुलूप लावून ठेवलंय, दारात गवत वाढलंय, आणि हे मुके जीव रोज तिला माहेरी बोलावताहेत. मग तिचं मन तिथे लागेल कसं? आज कोणाला हसू येईल. पण आमच्या घरी विहीर ईशान्येला हलवली होती, आणि सगळे हसले, तरी बाबांचं म्हणणं कोणी खोटं मानलं नव्हतं. बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "काढून टाक तिचं नाव त्यातून. तिला आता दुसरं नाव पडलं. दोन ठिकाणी घर बरं नाही." इतकं सहज म्हणाले की जणू पंचांगात तसा नियमच होता.

मी खेळात शोधलं. नाव बदलता येत नव्हतं. रहिवाशाला मात्र काढून टाकता येत होतं. मी ताईचं नाव निवडलं आणि पडद्यावर सूचना आली: ही व्यक्ती गावाची पहिली रहिवासी आहे. हिला काढलं तर गाव राहणार नाही. घरं, झाडं, सगळे रहिवासी जातील. तुमची खात्री आहे का? मी आईला वाचून दाखवायला हवं होतं. ती नक्की म्हणाली असती, राहू दे मग. मी वाचून दाखवलं नाही. कारण माझ्या डोक्यात त्या क्षणी आई नव्हती, ताईही नव्हती. नदीच्या वळणावरचा तो उंचवटा होता. गाव नव्याने सुरू केलं तर पहिली मी उतरणार, सरपंच मी होणार. खेळाने तीन वेळा विचारलं. मी तीन वेळा हो म्हटलं. मग आईला सांगितलं, "काढलं तिचं नाव." आई म्हणाली, "बरं झालं व माय," आणि तिने देवापुढे साखर ठेवली. मी नवं गाव वसवलं. नावही निंबीच दिलं. पुन्हा पुन्हा सुरुवात केली, जोवर नदी जवळपास तशीच वळेना, आणि वळणावर माझं घर बांधलं. विहीर ईशान्येलाच खणली.

ताईचा फोन आठवड्यातून दोनदा यायचा, दुपारी, गच्चीवरून. वाळत घातलेल्या कपड्यांचा फडफडाट मागे ऐकू यायचा. आईशी ती स्वयंपाकाचं बोलायची, बाबांशी तब्येतीचं, आणि मग म्हणायची, छोटीले द्या. आवाज खाली करून विचारायची, "अण्णा कसा आहे?" मी म्हणायची, ठीक आहे, झोपलाय. "ठमाबाई?" तुझी आठवण काढत होती. "संत्र्याले बहर आला का?" आला, आला, खूप आला. नसलेल्या गावाच्या बातम्या मी तिला सात महिने दिल्या. पुढे पुढे तर मला त्याची सवय झाली. नव्या रहिवाशांची नावं रचली, पुलाला रंग दिल्याचं सांगितलं, अण्णाने तिच्यासाठी पत्र ठेवलंय म्हणून सांगितलं. त्या पत्रात काय आहे, असं तिने विचारलं, तर म्हटलं, तू आली की उघडू. माझ्या आयुष्यात मी इतकं मन लावून खोटं कधीच बोलले नाही. आणि ती ऐकायची, मधे एकही शब्द न बोलता. फोन ठेवताना म्हणायची, "बरं वाटलं."

ती आली तेव्हा कोणता सण नव्हता. मार्गशीर्षातली दुपार, मी बारावीच्या सराव परीक्षेचा अभ्यास करत होते. दारात रिक्षा थांबली आणि ताई एकटीच, एका बॅगेनिशी उतरली. आईने दारातच कारण विचारलं, "कावून आली व?" मग स्वतःच्याच बोलण्याने ती ओशाळली आणि लगबगीने आत जाऊन बेसन भिजवायला लागली. ताईला पातोडीची भाजी फार आवडायची. पातोड्यांचा झणझणीत रस्सा, भाकरी आणि वर कच्चं तेल. ताई मधल्या खोलीत आली. ती खोली आता माझी होती. तिच्या कपाटात माझी पुस्तकं होती आणि तिच्या पलंगाच्या जागी टेबल. तिने सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि हात पुढे केला. "दे व. पाहू दे निंबी." मी म्हटलं, जेवून पाहू. ती म्हणाली, "आता दे, छोटे. मी बसमध्ये तेच ठरवत आली."

मी दिलं. तिने उघडलं. दार उघडलं, आणि तिच्यासमोर खेळातली माझी बाहुली सरपंचाच्या घरातून डोळे चोळत बाहेर आली. तिने नावांची यादी पाहिली. एकच नाव होतं. "माझं घर?" मी म्हटलं, मशीन बिघडली होती, आपोआप सगळं पुसलं गेलं, तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. तिने माझ्या बाहुलीला गावभर फिरवलं. विहीर पाहिली. गावाच्या मध्यभागी एक मोठं झाड असायचं, त्याच्या पायथ्याशी गाव वसवल्याची तारीख कोरलेली. ती मी विसरले होते. ताईने ती वाचली, बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाली, "माझ्या लग्नाच्या नवव्या दिवशी बिघडली का मशीन?" नंतर, "मंग अण्णाचं पत्र?" तिने खेळ मिटून टेबलावर, माझ्या रसायनशास्त्राच्या वहीवर ठेवला. ती ओरडली असती तर मी आज हे लिहायला बसले नसते.

जेवणं झाल्यावर बाहेरच्या खोलीत बोलणं झालं. बाबा घरीही शाळेतली मराठीच बोलायचे, गंभीर झाले की ती आणखी कडक व्हायची. "मारतो का तो?" ताई म्हणाली, नाही. "पितो?" नाही. "बाहेर काही?" नाही. "मग त्रास काय आहे, ते मला समजेल असं सांग." ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बोलत नाई बाबा तो. पंधरा-पंधरा दिवस बोलत नाई. मीठ पाहिजे असलं तं तो वाटी सरकवते. सासूबाई त्याच्याशी बोलतात, सासरे बोलतात, मी आली की गप्प होतात. काय चुकलं विचारलं तं उठून जातात. मले त्या घरी कोणी हाक मारत नाई. मारली कधी तं राजश्री म्हनते, अन् मी मागे पाह्यते, कोणाले बोलावून राहिले म्हणून." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "छोटीशी बोलली की वाटे, एका जागी तरी माझं नाव घेऊन कोणी विचारून राहिलं." मला त्या क्षणी घरातून पळून जावंसं वाटलं. "मी इथं राहू का? दुसरं काही नको. ऑफिसात विचारलं मी, ते परत घ्यायले तयार हायेत."

आई पदराने डोळे पुसत बाबांकडे पाहत होती. बाबा भिंतीकडे. नवरा बोलत नाही म्हणून कोणी मुलगी घरी परत आणतं का, आणि आणली तर लोकांना कारण काय सांगायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं, पण ते बोलायला त्यांना लाज वाटत होती. मग त्यांना कारण सापडलं. "धाकटीची बारावी आहे. दोन-तीन महिन्यांवर परीक्षा आली. घरात आता असं काही नको. तिची परीक्षा होऊ दे, मग पाहू." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताईने मला सरळ विचारलं, "छोटे, तुले अडचण होईल का माझी?" मी काय म्हणायला हवं होतं ते तिसरीतल्या मुलालाही कळलं असतं. पण ती राहिली असती तर रोज समोर असती, त्या एका खोलीत, त्या टेबलापाशी, आणि मला रोज तिच्या डोळ्यांना डोळा द्यावा लागला असता. मी म्हटलं, "परीक्षेपुरतं..." एवढंच. वाक्य पूर्णही केलं नाही. बाबांनी ते पूर्ण झाल्यासारखं मान्य केलं.

ताई तिसऱ्या दिवशी गेली. त्या दोन दिवसांत तिने माझी रसायनशास्त्राची सूत्रं वेगळ्या कागदावर नकाशासारखी सुबक काढून दिली, भिंतीला चिकटवायला. बाबा तिला बसस्टँडवर सोडून आले आणि म्हणाले, खिडकीची जागा मिळाली. परीक्षा झाली. मला मेडिकलला प्रवेश मिळाला, बाबांनी गल्लीत पेढे वाटले. 'मग पाहू' मधलं पाहणं मात्र कोणाला आठवलं नाही. तोवर ताईला दिवस गेले होते, आणि ते आमच्या घराला केवढं सोयीचं झालं! आज बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमच्या मंजूचा संसार पाहा, कधी आवाज म्हणून ऐकला नाही." आई एकदा, माझ्या दवाखान्याच्या पूजेच्या दिवशी, आंब्याची पानं दोऱ्यात ओवता ओवता म्हणाली, "तू तरी तवा राहू दे म्हनाले पाहिजे होतं." मी म्हटलं, तुम्ही दोघं मोठी होता. ती म्हणाली, "मले कुठं कोणी विचारलं? तुले विचारलं तिनं." माझा संताप झाला. अजून होतो. पण तिचं म्हणणं खोटं नाही, आणि संताप नेमका त्याचाच होतो.

गेल्या महिन्यात अमरावतीला एका तपासणी शिबिरासाठी गेले होते, तेव्हा ताईकडे उतरले. वर्षा-दोन वर्षांतून मी जाते, ती दोन दिवस येते, आमचं सगळं नीट चाललं आहे. भाऊजी वर्तमानपत्रातून वर पाहून "बसा" म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात गेले. घर स्वच्छ, नीटनेटकं. कुठेही आवाज नाही. फक्त आतल्या खोलीतून ते संगीत येत होतं. मी दारातच थबकले. ताईची मुलगी ओवी, बारा वर्षांची, पलंगावर पालथी पडून नव्या, मोठ्या पडद्याच्या खेळात गाव पाहत होती. "मावशी, ये न! हे आईचं गाव आहे. मी फक्त पाणी घालते." मी तिच्याजवळ बसले. नदीचं वळण, त्याच्यावर उंचवट्यावर एक घर. ईशान्येला विहीर. विहिरीजवळ संत्र्याची भरलेली रांग. मंजू, मंजू म्हणत एक ससा धावत आला आणि ओवीने त्याला नमस्कार केला. रस्त्याचं वळण कुठेही ओढून आणल्यासारखं वाटत नव्हतं.

"तू पण येऊ शकते आमच्या गावात," ओवी म्हणाली. "वेस उघडली की पाहुणे येतात. पण पाहुण्याले काही तोडता नाई येत. जवळचं माणूस म्हणून नाव टाकलं तं येते. मंग कुऱ्हाड भेटते, फावडं भेटते, सगळं." आणि तिथूनच तिने ओरडून विचारलं, "आई, मावशीचं नाव टाकू का जवळच्याईत?"

स्वयंपाकघरात ताई पातोड्या थापत होती. माझ्यासाठी. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त हात दिसत होते, आणि ते थांबले नाहीत. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता, पाहुण्यांसाठी असतो तसा गोड.

"येऊ दे की तिले. सगळं गाव दाखव, संत्री दे खायले," ती म्हणाली. "कुऱ्हाड देऊ नको फक्त."